मागचा जिना

आमच्या घराच्या ओटीवर दोन तसबिरी होत्या. एक गणपतीची. ती आजोबांनी पालीच्या जत्रेतून आणलेली. दुसरी एका ऑफिसची. तुम्ही हसाल, पण खरेच, गणपतीच्या शेजारी, त्याच्याहून वीतभर खाली, मुंबईतल्या एका ऑफिसच्या इमारतीची तसबीर आमच्याकडे टांगलेली होती. दिवाळीला कंपनी आपल्या माणसांना कॅलेंडर देई. एका वर्षीच्या कॅलेंडरावर इमारतीचे रेखाचित्र छापलेले होते. वर्ष सरले, तारखा फाडून झाल्या, पण चित्र टाकवेना. म्हणून दादांनी त्याला काच लावून आणली. दादा म्हणजे माझे वडील.

सणावारी आई गणपतीला फूल वाही. मग तिचा हात तसाच थोडा खाली येई, ऑफिसच्या चित्राशी थबके आणि रिकामाच मागे फिरे. त्या इमारतीला ती ‘दगडाची सवत’ म्हणे. चेष्टेने म्हणे, पण सगळीच चेष्टा नव्हती.

आमचे गाव रेवसपासून दोन-अडीच कोसांवर, धरमतर खाडीच्या बाजूला. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. ‘रायगड’ हे नाव 1981 साली मिळाले. दादा 1931 साली बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीच्या एजंटांकडे कारकून म्हणून लागले. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण पुढे थोडे तक्रारीचे बोलायचे आहे आणि तक्रार करायला आता तिकडे कुणी उरलेले नाही. आठवडाभर गिरगावातल्या एका खोलीत चौघाजणांत राहायचे, खानावळीत जेवायचे, शनिवारी दुपारी ऑफिस सुटले की भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच गाठायची, आणि सोमवारी पहाटे पुन्हा निघायचे, असा त्यांचा क्रम. म्हणजे सात दिवसांत दीड दिवस आमचा आणि साडेपाच त्या सवतीचे. पावसाळ्यात समुद्र खवळला की तो दीड दिवसही बुडे. मग महिना महिना दादा म्हणजे ओटीवरचे ते चित्र. ‘दादा कुठे आहेत?’ असे मला कुणी विचारले की मी चित्रातल्या वरच्या खिडकीवर बोट ठेवीत असे.

मी पाटीवर प्रथम काढलेले चित्र घराचे, डोंगराचे किंवा होडीचे नव्हते. ह्या इमारतीचे होते. आठ कमानी, त्यांवर तीन ओळी खिडक्यांच्या, आणि सगळ्यांच्या वर एक लांबलचक आडवी रेघ. ती रेघ मला कधी सरळ येत नसे.

*

1947 सालच्या जुलै महिन्यात मी सात वर्षांचा होतो. आषाढी अमावास्या तोंडावर आली होती. मुंबईला असलेली आमच्या काठावरची माणसे त्या दिवसांत घरी येत. दादांचे कार्ड आले होते : ‘रजा मिळाली तर गुरुवारी सकाळच्या बोटीने येतो.’ एवढेच. रजा मिळाली की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

गुरुवारी, 17 जुलैला, सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ वादळात सापडून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या आमच्याच किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी होड्या वळवल्या आणि हाताला लागतील तेवढ्यांना वर ओढले. बुडालेल्यांत बरेचसे लोक आमच्या भागातले, सणाला घरी निघालेले होते.

ही बातमी गावात नेमकी कुणी आणली ते मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की आई चुलीपाशी होती, ती तशीच उठली आणि रेवसच्या वाटेला लागली. डोक्यावर इरले घ्यायचेही भान तिला राहिले नाही. मागून चुलतकाका धावले. मी आजीजवळ राहिलो. रात्रभर आजी माळ ओढीत बसली होती. मी ओटीवरच्या चित्राकडे पाहत होतो. दादा त्या वरच्या खिडकीत असतील तर जिवंत आहेत, आणि नसतील तर नाहीत, इतका सरळ हिशेब सात वर्षांच्या मुलालाही कळत होता. कंदिलाच्या उजेडात ती खिडकी काळी दिसत होती.

दादा शनिवारी संध्याकाळी आले. बोटी बंद होत्या. पनवेल, पेण करीत, धरमतरला तर ओलांडून, चिखल तुडवीत आले. त्यांना रजा मिळालीच नव्हती. बुधवारी हेडक्लार्कने अर्ज परत केला होता. ‘सणाला सगळेच मागतात,’ असे म्हणून.

आई तोवर रेवसहून परतली होती. ती काही बोलली नाही. दादांना ऊन पाणी काढून दिले, पान वाढले. त्यानंतर तिने त्या इमारतीला कधी सवत म्हटले नाही. फूलही वाहिले नाही. गावात चार घरांतली चूल त्या दिवशी पेटली नव्हती. त्यांच्यादेखत एका नाकारलेल्या रजेचे आभार मानायचे तरी कसे?

*

ती इमारत मी डोळ्यांनी पाहिली 1950 साली, दिवाळीच्या सुट्टीत. दादांनी मला मुंबई दाखवायला नेले. लाँचमध्ये त्यांनी मला मधोमध बसवले आणि काशाचा खडक आला तेव्हा माझा दंड घट्ट धरला. खडकाकडे बोट दाखवले नाही. आजूबाजूच्या बायांनी पदरातून नारळाचे तुकडे काढून पाण्यात टाकले, तेव्हा मला कळले.

धक्क्यावरून आम्ही फ्रेअर रोडने चालत निघालो. आज त्या रस्त्याला पी. डिमेलो रोड म्हणतात. डाव्या हाताला गोदीची लांबच लांब भिंत, तिच्यावरून डोकावणारे याऱ्यांचे हात, हमालांच्या हातगाड्या, सुक्या मासळीचा आणि ओल्या तागाचा वास. असा बराच वेळ गेल्यावर एका वळणाशी आवाज एकदम खाली बसला. रस्ता रुंद झाला, पदपथ ऐसपैस झाले, आणि दोन्ही बाजूंना पिवळसर दगडाच्या इमारती उभ्या राहिल्या. दादांनी पागोट्याला हात लावावा तसा टोपीला हात लावला आणि म्हणाले, “हे आमचं.”

मी बोरीबंदर आदल्या वर्षी एका पुस्तकातल्या चित्रात पाहिले होते. तिथे दगडाचे सिंह-वाघ, मोर, पानेफुले, बुरूज, घुमट. डोळ्यांना उसंत नाही. तसे काहीतरी भव्य पाहायला मिळणार ह्या अपेक्षेने मी आलेलो. इथे तसे काही नव्हते. तळमजल्याचे दगड मोठे, घडीव, त्यांच्या सांध्यांत बोटभर खोल दरजा. त्यांवर कमानी, प्रत्येक कमानीच्या माथ्यावर पाचरीसारखा एक दगड, जणू साऱ्या कमानीची चावी. वरच्या मजल्यांवर भिंतीत अर्धे बुडालेले सपाट खांब, त्यांच्यामध्ये उंच खिडक्या. आणि सर्वांत वर पुढे आलेला जाड दगडी कंगोरा. कॅलेंडरावरची ती आडवी रेघ ती हीच.

“दादा, ही तर साधीच आहे,” मी हिरमुसून म्हणालो.

दादांनी मला रस्त्याच्या मधोमध उभे केले. तेव्हा शनिवारी दुपारनंतर त्या रस्त्यावर मधोमध उभे राहता येत असे. “वर बघ. ती रेघ कुठपर्यंत जाते?”

मी पाहिले. आमच्या इमारतीवरची रेघ शेजारच्या इमारतीवर गेली होती, तिथून पलीकडच्या. मध्ये गल्ली आली की तुटल्यासारखी होई आणि पलीकडे पुन्हा त्याच सुमाराच्या उंचीवर सुरू होई. कंपन्या निराळ्या, मालक निराळे, कुणी इंग्रज, कुणी पारशी, कुणी गुजराती. पण कुणी शेजाऱ्याच्या डोक्यावरून मान काढलेली नव्हती.

“आपल्या खारातला बांध आठवतो?” दादांनी विचारले.

आठवत नाही तर काय! खाडीच्या काठचे आम्ही. आमची भातशेती म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. बाहेरून खाडीच्या चिखलाचाच उंच बांध घालायचा. त्यात उघाडी ठेवायची, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी. दोन-चार पावसाळे जमिनीतले मीठ धुऊन नेतात, मग भात पिकतो. बांधाचा हात-दोन हात भाग ज्याच्या त्याच्या वाट्याला. एकाने आपला तुकडा बुटका ठेवला, खेकड्यांची बिळे बुजवली नाहीत, की उधाणाला तिथेच खांड पडते आणि खारे पाणी त्याच्या एकट्याच्या शेतात शिरत नाही, साऱ्या गावाच्या शेतात शिरते. म्हणून वैशाखात सगळा गाव बांधावर. तिथे भाऊबंदकी चालत नाही.

“हीसुद्धा खारच आहे,” दादा पायाखाली बोट दाखवीत म्हणाले. “इथं समुद्र होता. पलीकडची गोदी खणली, तो चिखल-दगड इथं आणून टाकला, आणि वर ही ऑफिसं बांधली. समुद्राच्या जमिनीवर राहायचं तर सगळ्यांनी एका रेघेत राहावं लागतं.”

दादा मॅट्रिक होते. स्थापत्यशास्त्राचे एक पुस्तक त्यांनी वाचले नव्हते. पण पुढे मी मुंबईत चित्रकला शिकलो, अलिबागच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर झालो, वास्तुकलेवरची पुस्तके चाळली, तेव्हा दादांचे बोलणे बरेचसे खरे निघाले.

अलेक्झांड्रा गोदीचे काम 1905 साली सुरू झाले आणि ती 1914 साली उघडली. 1972 पासून तिचे नाव इंदिरा गोदी आहे. तिच्या खोदकामात निघालेला भराव टाकून 22 एकर नवी जमीन तयार झाली आणि 1914 ते 1918 ह्या महायुद्धाच्याच वर्षांत तिच्यावर ही वसाहत उभी राहिली. 1873 साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, त्याचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड; त्यांचे नाव तिला मिळाले. आखणी केली जॉर्ज विटेट ह्या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाने. हा माणूस 1904 साली मुंबईत आला. गेटवे ऑफ इंडिया त्याचा, आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतो ते संग्रहालय त्याचे, फोर्टमधले टाटांचे 1924 सालचे बॉम्बे हाऊसही त्याचे.

मौज पाहा. संग्रहालयाला त्याने विजापूरच्या गोल घुमटाची आठवण देणारा घुमट चढवला. गेटवेला गुजराती वळणाच्या कमानी आणि जाळ्या दिल्या. म्हणजे सजावट त्याला येत नव्हती असे नाही. पण इथे ऑफिसे बांधायची होती. माणसांनी दहा ते सहा बसून पत्रे लिहायची, जहाजांच्या मालाचे हिशेब ठेवायचे. इथे त्याने घुमट आणि जाळ्या बाजूला ठेवल्या आणि युरोपातल्या जुन्या अभिजात वळणाची शांत, मापातली रचना केली. रुंद रस्ते, सारखी उंची, एकमेकांशी जुळते दर्शनी भाग, हा नियम साऱ्यांना लागू. जागा भाड्याने घेणाऱ्याने आत काय हवे ते करावे. रस्त्याकडचे तोंड मात्र सर्वांच्या चालीचे हवे. 1926 साली, पन्नाशीही गाठली नसताना, विटेट मुंबईतच आमांशाने वारला आणि शिवडीच्या दफनभूमीत विसावला. तिथून खाडीपलीकडचा आमचा किनारा फार दूर नाही.

तो पहिला दिवस मात्र माझ्या मनात दुसऱ्याच कारणाने राहिला. समोर मोठे दार होते. पितळी मुठीचे, संगमरवरी पायऱ्यांचे. आत लोखंडी जाळीची लिफ्ट. मी सरळ तिकडे निघालो. दादांनी माझी कॉलर धरली आणि मला बाजूच्या गल्लीत वळवले. मागच्या अंगाला एक अरुंद दार होते. तिथून लोखंडी कठड्याचा, झिजलेल्या पायऱ्यांचा जिना तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला होता. पायऱ्या मधोमध बशीसारख्या खोलगट झालेल्या.

“पुढचं दार?” मी विचारले.

“ते साहेबांचं. आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बड्या लोकांचं.”

“मग आपण?”

“आपण काम करणारे,” दादा म्हणाले आणि जिना चढू लागले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ह्याचेच मला पुढे अनेक वर्षे नवल वाटत राहिले आणि, खरे सांगायचे तर, थोडी चीडही येत राहिली. रस्त्यावर सगळे एका रेघेत. आत शिरायला मात्र दोन जिने!

*

दादा 1962 साली निवृत्त झाले. एकतीस वर्षे झाली होती. शेवटच्या दिवशी साहेबाने हार घातला, एक घड्याळ दिले आणि सांगितले, “आज तुम्ही पुढच्या जिन्याने उतरायचं.”

मी त्यांना न्यायला गेलो होतो. खाली रस्त्यावर उभा राहून त्या पितळी मुठीच्या दाराकडे पाहत होतो. दार उघडले. दरवानाने सलाम ठोकला. दादा गळ्यात हार घेऊन संगमरवरी पायऱ्या उतरले. फार जपून, नव्या नवरीसारखे. माझा ऊर भरून आला. ते माझ्याजवळ आले, थांबले आणि म्हणाले, “अरे, माझी छत्री मागच्या जिन्याशी राहिली.”

आम्ही वळसा घालून गल्लीत गेलो. छत्री तिथे खुंटीला होती. दादांनी ती घेतली, पण लगेच निघाले नाहीत. खालच्या पायरीवर बसले आणि मला म्हणाले, “बस जरा.”

त्या पायरीवर त्यांनी मला जे सांगितले ते पंधरा वर्षांत घरात कधीही बोलले नव्हते.

‘रामदास’ बुडाल्याची बातमी मुंबईत संध्याकाळी पसरली. ऑफिसात आमच्या काठची माणसे पुष्कळ : शिपाई, हमाल, तिघेचौघे कारकून. रेवस, अलिबाग, मुरूड इकडची. कुणाचा भाऊ बोटीवर होता, कुणाची बायको माहेराहून परत जाणारी, कुणाला काहीच ठाऊक नव्हते. बंदरावर जावे तर तिथे मुंगीला शिरायला जागा नाही. तेव्हा कुणीतरी म्हणाले, गच्चीवर चला, तिथून दर्या दिसतो. गच्चीवर जायची नोकरांना मनाई होती. पण त्या दिवशी ती सगळी माणसे ह्याच मागच्या जिन्याने चढत वर गेली आणि कुणी अडवले नाही.

“वरून काय दिसलं?” मी विचारले.

“काय दिसणार? पाऊस. गोदीतल्या याऱ्या आणि दोन-चार जहाजांच्या डोलकाठ्या. एरवी उघडीप असली की तिथून कनकेश्वराचा डोंगर दिसतो. त्या दिवशी समोर नुसतं पांढरं होतं.”

“मग?”

“मग आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर बघतो तर तिथंही माणसं. तिच्या पलीकडच्या गच्चीवरही. सगळी आपल्याकडचीच. सगळ्या गच्च्या एका उंचीच्या, त्यामुळे एकमेकांची तोंडं दिसत होती. कुणी ओरडून विचारत होतं, ‘अमक्या गावचा कुणी आहे का रे?’ पलीकडून कुणी उत्तर देत होतं. अंधार पडेपर्यंत असं गच्चीवरून गच्चीवर चाललं होतं. बाळ्या, दोघांना तिथंच कळलं, की आपली माणसं बोटीवर चढली नव्हती. आणि एकाला कळलं, की चढली होती.”

दादा उठले. छत्रीची टोकाने जमीन दोनदा ठोकली. “हेडक्लार्कही वर आला होता. माझ्याजवळ उभा राहिला. काही बोलला नाही. मीही बोललो नाही. काय बोलणार? चला, लाँच चुकेल.”

मला तोवर ती आडवी रेघ केवळ एक शोभेची, शिस्तीची गोष्ट वाटत होती. त्या दिवसापासून तिच्याकडे पाहिले की मला भिजलेली माणसे दिसतात, हाताचा कर्णा करून हाका मारणारी.

*

आता मी पंच्याऐंशी वर्षांचा आहे. दादा जाऊन फार दिवस झाले, आईही गेली. खाराचा बांध जागोजाग खचला आहे; गावातली तरुण मुले नोकऱ्यांना गेली आणि वैशाखात बांधावर जायला माणसे जमत नाहीत. बऱ्याच शेतांत आता भाताऐवजी तिवरे आहेत.

नात वास्तुशास्त्र शिकते. गेल्या थंडीत ती म्हणाली, “आजोबा, कॉलेजात एका जुन्या व्यापारी इमारतीचा अभ्यास करायचाय. तुमच्या तसबिरीतली करू?” ती तसबीर आता माझ्या टेबलासमोर आहे. मी होय म्हणालो.

शिवडीहून समुद्रावरून रायगडाच्या किनाऱ्याला येणारा मोठा पूल 2024 सालच्या जानेवारीत खुला झाला. मोटारीने कितीतरी लवकर पोहोचलो असतो. पण मी हट्टाने पाण्याचीच वाट धरली. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला जाणारी, मोटारी पोटात घेणारी रो-रो बोट 2020 पासून सुरू झाली आहे. तासाभरात मुंबई. बोट इतकी मोठी की काशाचा खडक कधी मागे पडला ते नातीला कळलेही नाही. मी पिशवीतून नारळाचा तुकडा काढला आणि पाण्यात टाकला. तिने विचारले, मी सांगितले. मग ती बराच वेळ काही बोलली नाही.

बॅलार्ड इस्टेटीत गर्दी वाढली आहे, पदपथाला लागून मोटारी उभ्या आहेत. रस्त्यांची नावे बदलली, पाट्या बदलल्या. जहाज कंपन्यांच्या जागी कुठे सरकारी कचेऱ्या आहेत, कुठे वकिलांची ऑफिसे. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी ह्यांनी 1919 साली उभी केलेली सिंदिया कंपनी, इंग्रजांच्या बोटींशी टक्कर घेणारी. तिचे सिंदिया हाऊस उभे आहे, जहाजे मात्र कधीच थांबली. वेकफिल्ड हाऊसमधले 1923 सालचे ब्रिटानिया हॉटेल अजून दुपारचे उघडते. तिथे आम्ही जेवलो. नातीने बेरी पुलाव घेतला. मी कॅरॅमल कस्टर्डवर समाधान मानले.

मग आमची इमारत. रंगाच्या पाट्या आणि वातानुकूलनाची खोकी सोडली तर तशीच. कंगोऱ्यावर दोन ठिकाणी पिंपळाची रोपे उगवली आहेत. नातीने ती पाहून जिभेने च् केले. “मुळं सांध्यात गेली की दगड सुटतो, आजोबा. वेळेवर काढायला हवीत.” मला खेकड्यांची बिळे आठवली.

तिने टेप काढला, वही काढली आणि मापे घ्यायला सुरुवात केली. मीही स्टूल मांडून चित्रकलेची वही उघडली. ह्या वयातही ती रेघ पट्टीशिवाय ओढून पाहायची माझी खोड गेलेली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “पणजोबा कुठल्या खिडकीत बसायचे?”

मी लहानपणीच्या सवयीने वरच्या ओळीतल्या खिडकीवर बोट रोखले आणि बोट तिथेच राहिले. मागच्या जिन्याने चढून दादांनी मला 1950 साली त्यांचे टेबल दाखवले होते. तिथून समोर आतला चौक दिसत होता. चौकात नळ, पलीकडची साधी चुन्याची भिंत आणि भिंतीवर बसलेली कबुतरे. रस्ता दिसत नव्हता. हे मी पाहिले होते, आणि तरी सत्तर-पंचाहत्तर वर्षे मी दादांना भलत्याच खिडकीत बसवीत आलो होतो!

“इकडे नाही,” मी म्हणालो. “चल, मागे दाखवतो.”

गल्लीत गेलो. मागची बाजू कुणी कॅलेंडरावर छापणार नाही अशीच आहे. घडीव दगड कोपऱ्याशी संपतो; पुढे गिलावा, नळांचे जाळे, ओलीचे डाग. अरुंद दार उघडे होते. रखवालदाराला नातीने काय सांगितले कोण जाणे, त्याने मला खुर्ची आणून दिली. पायऱ्या अजून तशाच, मधोमध खोलगट. नातीने सर्वांत खालच्या पायरीवर टेप धरला आणि खळग्याची खोली मोजली. “साधारण पाऊण इंच,” ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतले. “पुढच्या जिन्याची पायरी अगदी सपाट आहे, आजोबा. मघाशी पाहिली मी.”

तिने पुढच्या दर्शनी भागाचा आराखडा केला, तो कॉलेजात लागला. त्याला चांगले गुण मिळाले. पण त्या आराखड्याशेजारी तिने मागच्या जिन्याचाही एक आराखडा जोडला, खळग्याच्या मापासकट.

मी त्या दिवशी मागच्या जिन्याचे चित्र काढले. एवढ्या वर्षांत प्रथमच. यंदाच्या दिवाळीला ते काच लावून ओटीवर टांगले आहे, कॅलेंडरावरच्या चित्राशेजारी, त्याच उंचीवर. चित्रात माणूस कुणी नाही. जिन्याशी भिंतीला एक खुंटी आहे आणि तिला एक छत्री अडकवलेली आहे.